१८८५ चं कॉर्सेट घरी शिवायचं किट : स्टील एक नंबर, पॅटर्नने मात्र रडवलं

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणार आहे, कारण तीन महिने या एका वस्तूने आमचं डायनिंग टेबल अडवून ठेवलं होतं आणि नवरा शेवटी शेवटी मांडीवर ताट घेऊन जेवायला लागला होता. पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा मी माझ्या चुकांसाठी कापलाय, म्हणजे तो दुकानाच्या खात्यात परत जमा करायला हरकत नाही.

झालं असं की आम्ही राहतो इंग्लंडात, लेस्टरला आणि इथल्या एका हौशी नाटकमंडळात मी नुकतीच जायला लागले होते. नाटक घडतं १८८५ च्या इंग्लंडात. मला रोल मिळाला मोलकरणीचा, दोन वाक्यं, त्यातलं एक "यस मॅम". पण "तुला शिवता येतं ना गं?" असं कुणीतरी विचारलं आणि मी हो म्हणून बसले आणि अख्खा कपडेपट माझ्या गळ्यात. हिरॉईनचा ड्रेस भाड्याने आणला होता, मागे फुगवटा, पुढे बटणांची रांग, छान होता दिसायला. तिने तो आपल्या नेहमीच्या ब्रेसियरवर घातला आणि आम्ही सगळे गप्प. उशीला दुसऱ्याच मापाचा अभ्रा चढवल्यासारखं दिसत होतं. छातीवर चुण्या, कंबरेत झोळ, मागचा फुगवटा तर दप्तरासारखा खाली लोंबत होता. ड्रेसमध्ये काही खोट नव्हती बरं का. ड्रेस हा फक्त अभ्रा असतो, उशी आतून आपण करायची असते, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

मग शोधाशोध करून हे कॉर्सेटचं, म्हणजे ड्रेसच्या आत नाडीने आवळून घालायच्या, ताठ पट्ट्या घातलेल्या चोळीसारख्या कपड्याचं, किट मागवलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, एकटी बाई घरातून चालवते, झालेल्या चुका तिने निस्तरल्याही, उगाच तिच्या पोटावर पाय नको. किंमत ९५ पौंड. रुपयात किती होतात याचा हिशोब मी केलाच नाही, केला असता तर मागवलंच नसतं. डब्यात काय येतं तर कॉर्सेटचं कागदी पॅटर्न, १ मीटर कुटील, पुढचा बस्क, कापून टोप्या लावायच्या स्टीलच्या पट्ट्या, आयलेट म्हणजे नाडी ओवायच्या भोकांच्या धातूच्या कड्या, ५ मीटर नाडी, बसलसाठी, म्हणजे ड्रेसच्या मागच्या फुगवट्याच्या सांगाड्यासाठी, कापडात मढवलेली चपटी स्टीलची गुंडाळी आणि आठ पानी माहितीपत्रक.

कुटील म्हणजे कॉर्सेटचं खास कापड. फ्रेंच नाव आहे, पण मराठी माणसाला ते ऐकून जे वाटतं ना तसंच ते वागतं. वीण माशाच्या काट्यासारखी, घट्ट, ताणून बघा, आडवं नाही उभं नाही, इंचभर पण सरकत नाही. म्हणूनच तर कॉर्सेटला वापरतात, साधं कॉटन दोन तासांत अंगाच्या उबेने सैल पडतं. पण शिवताना सुई बोंबलते. माझ्या मशीनच्या चार सुया मोडल्या, मग जीन्सची १०० नंबरची सुई लावली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. माहितीपत्रकात सुईचा नंबर लिहायला काय जात होतं? एक ओळ. असो. कापडाची क्वालिटी मात्र अस्सल, यात वाद नाही.

आता पॅटर्न. इथे माझं डोकं फिरलं होतं.

कॉर्सेटच्या एका बाजूला सहा तुकडे, दोन्ही मिळून बारा. माहितीपत्रकाच्या पान २ वर लिहिलंय शिलाईचं मार्जिन धरलेलं आहे, १ सेंटिमीटर. बरं म्हटलं. नशीब एवढंच की आईचा एक नियम माझ्या हाडात भिनलाय, नवीन माप असेल तर आधी मांजरपाटावर कापून बघायचं. त्याप्रमाणे मांजरपाट कापला, टिपा मारल्या, हिरॉईनला बोलावलं, घातलं, आणि मागे फट राहिली ती वीतभर नाही, वीत अन वर दोन बोटं. कॉर्सेटला मागे दोनेक इंच फट ठेवायचीच असते, नाडी आवळायला जागा लागते. इथे दहा इंच! बिचारीचा चेहरा एवढुसा झाला, तिला वाटलं आपणच जाड आहोत. मी म्हटलं थांब गं, आणि पट्टी घेऊन बसले. एका बाजूला पाच शिवणी, दोन्हीकडच्या दहा, प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांचा मिळून २ सेंटिमीटर कापड जातं, म्हणजे २० सेंटिमीटर, म्हणजे आठ इंच. बरोब्बर आठ इंचच कमी पडत होते. मार्जिन धरलेलंच नव्हतं! थेट कुटीलवर कातर चालवली असती तर २५ पौंडांच्या कापडाच्या चिंध्या झाल्या असत्या. दुकानदार बाईंना मेल केला, चार दिवसांनी उत्तर आलं, सॉरी म्हणाल्या, जुनं पान चुकून नव्या माहितीपत्रकात राहिलं म्हणे, आणि दुरुस्त पॅटर्न पाठवला फुकट. पण ज्यांनी मांजरपाट न करता कापलं असेल त्यांचं काय झालं असेल देव जाणे. "आधी साध्या कापडावर करून बघा" हे वाक्य आठ पानांत कुठेही नाही. एक स्टार तिथेच गेला.

आणि हो, मांजरपाटावर बघायचं तेव्हा नुसतं टाचण्या लावून बघू नका. त्यात तात्पुरत्या पट्ट्या घालून, मागे नाडी ओवून, आवळून बघायचं. आवळल्यावर मांस जागा बदलतं हो, वरचं वर जातं, खालचं खाली जातं, आणि मग कळतं की छातीला जागा कमी आहे आणि कंबरेला चिक्कार आहे. आम्हाला तीनदा करावं लागलं.

बस्क. बस्क म्हणजे पुढच्या दोन उभ्या स्टीलच्या पट्ट्या, एकीवर गुंड्या, एकीवर फासे, समोरून लावायच्या आणि काढायच्या. ही वस्तू मला फार आवडली, हातात घेतली की वजन जाणवतं, घासून गुळगुळीत केलेली, गुंड्या घट्ट. असा दोन भागांचा बस्क पॅरिसमध्ये १८२९ च्या सुमाराला निघाला पण सर्रास वापरात यायला शतकाचा मध्य उजाडला, आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १८२८ मध्ये, धातूच्या आयलेटचं पेटंट झालं होतं. या दोन गोष्टींनी काय झालं तर बाईला स्वतःचं कॉर्सेट स्वतः सहज घालता-काढता यायला लागलं. मागची नाडी एकदा सैल करायची, पुढून गुंड्या लावायच्या, मग मागे कंबरेपाशी नाडीचे दोन लांब फासे सोडलेले असतात ते हात मागे नेऊन धरायचे आणि ओढायचे, झालं. सिनेमात दाखवतात ना, बाई पलंगाचा खांब धरून उभी आणि मागून दासी गुडघा रोवून ओढतेय, तसलं काही करावं लागत नाही. मी नवऱ्याला हौसेने बोलावलं होतं ओढायला, तो शर्टाच्या बाह्या वगैरे सारून आला, आणि तोवर माझं घालून झालं होतं. हिरमुसला.

आता माझी चूक. बस्कला पाच गुंड्या असतात आणि त्यातल्या दोन जवळजवळ असतात. त्या दोन खाली यायला हव्यात, पोटापाशी, तिथे जोर जास्त येतो ना. मी उलटा बसवला. आणि नुसता उलटा नाही, सगळं शिवून, टिपा मारून, इस्त्री करून झाल्यावर लक्षात आलं. फासे उजवीकडे, गुंड्या डावीकडे एवढं लक्षात ठेवण्याच्या नादात वर-खाली विसरले. रात्री साडेअकराला उसवत बसले होते, कुटीलवरची टीप उसवणं म्हणजे दातांनी खिळा काढण्यासारखं आहे. याचे मार्क दुकानाचे कापत नाही.

स्टीलच्या पट्ट्या दोन प्रकारच्या येतात किटमध्ये. चपट्या, त्या मागे आयलेटच्या दोन्ही बाजूंना जातात, आणि वेटोळ्या तारेच्या, त्या बाजूच्या शिवणींत, कारण त्या आडव्यापण वाकतात. जाणकार लगेच म्हणतील की वेटोळी तार १८८५ मध्ये नव्हतीच, विसाव्या शतकातली आहे, आणि ते बरोबरच आहे. त्या काळी चपटं स्टील, वेत, दोरी किंवा मग व्हेलबोन. व्हेलबोन नावात बोन असलं तरी ते हाड नसतं, देवमाशाच्या जबड्यात गाळणीसारख्या झालरी असतात त्या, आपल्या नखांसारख्याच द्रव्याच्या, आणि उभ्या चिरल्या की हव्या तितक्या बारीक पट्ट्या निघतात आणि उष्णतेने आकार घेतात. त्यापायी इतके देवमासे मारले की माल महाग होत गेला आणि लोक पर्याय शोधायला लागले, अमेरिकेत तर १८८३ मध्ये एकाने टर्कीच्या पिसांच्या दांड्यांपासून 'फेदरबोन' नावाची पट्टी काढली. हल्ली जर्मनीत बनणारी प्लास्टिकची नकली व्हेलबोन मिळते, गरम इस्त्रीने वाकवता येते, अस्सलच्या जवळ जाते म्हणतात. या किटमध्ये ती असती तर मी आणखी अर्धा स्टार दिला असता. पण स्टेजवर आतलं कुणाला दिसतंय, वेटोळं स्टील आरामशीर आहे, चालून गेलं. कापायला मात्र जाड पकड लागते, घरातली नेलकटर-छाप पकड घेऊन बसू नका, आणि कापलेल्या टोकाला धातूची टोपी घट्ट दाबून बसवा नाहीतर चौथ्या दिवशी ते टोक कापडातून बाहेर येऊन बरगडीला नमस्कार करतं. त्या काळी म्हणून तर पट्टीच्या टोकाशी रेशमी धाग्याचे टाके घालायचे, दिसायला कशिदा आणि काम पट्टी जागच्या जागी धरायचं. आईला व्हिडिओ कॉलवर ते दाखवलं तर म्हणाली, "अगं एवढी नक्षी आणि ती आत झाकायची? तुझी मावशी परकराच्या आतल्या घेराला लेस लावायची, तशातली गत."

आयलेट भंगार. सरळ सांगते. एकेरी होते, मागे चकती नाही. हातोडीने ठोकले की मागची कड फाटून चरबरीत होते आणि त्यात नाडी अडकून कापली जाते. दुसऱ्याच ट्रायलला दोन उपटून बाहेर आले. दोन भागांचे, मागे वॉशर असलेले घ्या, बाहेरून घ्या, ६ पौंडांत शंभर मिळतात. आणि भोक पाडायला पंच वापरू नका, तो धागे कापतो. चपला शिवायची आरी असते ना तशी टोकदार सळई घेऊन धागे बाजूला सारत सारत भोक मोठं करायचं, म्हणजे कापडाचे धागे तुटत नाहीत, आयलेटभोवती आवळून बसतात. वेळ लागतो, अंगठा दुखतो, पण उपटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. कंबर किती बारीक झाली? मंडळातली प्रत्येक बाई हेच विचारत होती. हिरॉईनची कंबर ३० इंच. कॉर्सेट घालून, आवळून, मागे दोन इंच फट ठेवून, २८. दोन इंच! ९५ पौंड आणि तीन महिने आणि दोन इंच. पण तिला लांबून बघितलं तर कंबर मुठीत मावेल असं वाटत होतं, आणि ही जादू कॉर्सेटची कमी आणि बाकीच्या कापडाची जास्त. कॉर्सेट कंबर गोल करतं, म्हणजे आपली कंबर मुळात लंबगोल असते ना, बाजूने रुंद, पुढून-मागून चपटी, ती दोन्ही बाजूंनी दाबली जाते आणि समोरून बघणाऱ्याला अरुंद दिसते. आणि मग वर-खाली भर घालायची. आम्ही कुल्ल्यांच्या बाजूला कापसाच्या दोन चपट्या उशा बांधल्या, छातीला वरच्या बाजूला थोडं पॅडिंग, मागे बसल, त्यावर झालरींचा परकर. कंबरेच्या वर मोठं, खाली मोठं, मग मधलं आपोआप बारीक. त्या काळच्या बायकाही भर घालायच्या, विकत मिळायची तयार. आणि त्या जुन्या फोटोंमधल्या अशक्य कंबरा, त्यातल्या बऱ्याच तर फोटोवाल्याने काचेवर घासून-खरवडून केलेल्या, तेव्हाचं फिल्टरच ते. बरगड्या काढून टाकायच्या वगैरे जे ऐकतो त्याला पुरावा नाही.

म्हणून माझी किटबद्दलची खरी तक्रार ही आहे की त्यात सगळा भर कंबरेवर. डब्यावर चित्र कंबरेचं, माहितीपत्रकात कंबरेची मापं कशी उतरवायची याची दोन पानं, आणि पॅडिंगचं नाव नाही, परकराला चार ओळी. ज्याने आकार येतो तेच तुमचं तुम्ही बघा.

बसल. नाव बसल आणि बसायचेच वांधे. हा मागचा फुगवटा दोनदा आला फॅशनमध्ये, एकदा साधारण १८७० च्या आसपास, मग मधे काही वर्षं सगळं सरळसोट, आणि पुन्हा १८८३ ते १८८९, तेव्हा तर अगदी फळीसारखा आडवा, वर चहाचा कप ठेवावा. किटमध्ये तीन स्टीलचे अर्धगोल एका कापडात ओवायचे आणि आतून फितींनी बांधायचे म्हणजे ते कमानीसारखे बाहेर ताणून राहतात. फितींची मापं दिलेली सैल आहेत, त्यामुळे पहिल्या दिवशी हिरॉईन चालायला लागली की तो मागे डावीकडे-उजवीकडे शेपटीसारखा हलत होता आणि रिहर्सलमध्ये कुणाला कामच सुचेना. फिती प्रत्येकी दीड इंच आखूड केल्या, थांबला. बसताना काय करायचं तर खुर्चीच्या कडेला तिरकं बसायचं, अर्धगोल एकमेकांवर घडी होऊन वर सरकतात, उठलं की परत खाली. पहिल्यांदा उठली तेव्हा तो वरच अडकला आणि ती तशीच विंगेत गेली. त्या काळी बिजागरीवाले बसलसुद्धा निघाले होते, बसलं की आपोआप मिटणारे, का निघाले ते आता कळलं.

पण नुसत्या बसलवर स्कर्ट चढवला तर स्टीलच्या कडा बरगड्यांसारख्या दिसतात. वर परकर हवाच, झालरींचा, कडक. इथे माझं घराणं कामी आलं. भाताची पेज गाळून त्यात परकर बुडवला, पिळला, ओलसर असतानाच इस्त्री. कडक, अगदी कुरकुर आवाज. मंडळातल्या बायकांना वाटलं मी भारतातलं काही गुपित वापरलं, पण तांदळाचा स्टार्च इंग्लंडातही तेव्हा पाकिटातून विकला जायचा. परकराचं कापड बेलग्रेव्ह रोडवरून आणलं, साडीच्या दुकानांच्या मधे एक आहे तिथे फॉल, अस्तर, पॉपलीन सगळं मिळतं, आणि काका विचारतात "कितनी साडी के लिए?" मी म्हटलं एका मेमसाहेबासाठी, सात मीटर.

आणि एक गोष्ट मला परकरामुळेच पटली. साडी नेसणारीला विचारा, नाडी कंबरेत किती रुतते, संध्याकाळी काढली की लाल वळ असतो. आता कल्पना करा, बसल, दोन परकर आणि त्यावर तो जड स्कर्ट, सगळ्याच्या नाड्या एकाच जागी. मी ते सगळं एकदा कॉर्सेटशिवाय बांधून बघितलं, अर्ध्या तासात सोडलं, कंबरेवर नुसते लाल वळ. कॉर्सेटवर बांधलं तर वजन सगळ्या धडावर वाटलं जातं, काही रुततच नाही. कॉर्सेट म्हणजे छळ असंच आपण वाचत आलोय, आणि ज्या आवळायच्या त्यांचा झालाही असेल, पण रोजच्या वापरात ते ओझं पेलायचं साधन पण होतं हे अंगावर घातल्याशिवाय कळत नाही.

खाली अंगाला काय, तर मलमलची सैल शमीज. ती माझ्याकडचीच, आईने मागे पाठवलेल्या पांढऱ्या मलमलची शिवली. कॉर्सेट धुवत नाहीत, घाम सगळा शमीजने प्यायचा आणि ती रोज धुवायची. विजारीबद्दल हिरॉईनने मला बाजूला घेऊन विचारलं, "ही मधे शिवायची राहिलीय का?" राहिली नव्हती. तेव्हा तशीच असायची, मधे उघडी, कारण इतकं सगळं वरून बांधल्यावर बाथरूमला जायचं कसं? तिने एका प्रयोगात आधुनिक घालून बघितली आणि मध्यंतरानंतर माझ्याकडे येऊन म्हणाली, उद्यापासून तुझी ती दे. आणि क्रम लक्षात ठेवा, शमीज, विजार, मोजे आणि बूट आधी, मग कॉर्सेट. आम्ही बूट विसरलो एकदा. वाकताच येत नाही, मग मीच खाली बसून बुटाची बटणं लावली, मोलकरणीचा रोल स्टेजच्या बाहेरही चालू.

आवाजाचं एक सांगायचं राहिलं. श्वास पोटातून घेता येत नाही, छातीत वर येतो. गाणाऱ्या आणि नाटकातल्या बायांनो, प्रयोगाच्या आदल्या दिवशी घालू नका. हिरॉईनला दोन आठवडे रोज तासभर घालून रिहर्सल करावी लागली, सुरुवातीला लांब वाक्याच्या शेवटी आवाज विरायचा, मग तिने श्वासाच्या जागा बदलल्या.

मधे एका शनिवारी ट्रेन पकडून मार्केट हार्बरोला गेले, लेस्टरहून पुढचंच मोठं गाव म्हणा. तिथे सिमिंग्टन कंपनीचा कॉर्सेटचा कारखाना होता, केवढी ती लाल विटांची इमारत, आता त्यात कौन्सिलची ऑफिसं, लायब्ररी आणि म्युझियम. शेजारी लाकडी खांबांवर उभी असलेली १६१४ ची शाळा आहे, लोक फोटो तिचाच काढतात, मी कारखान्याचे काढत होते. कंपनीने स्वतःचे आणि इतरांचे नमुने जपून ठेवले होते, ते सगळे पुढे लेस्टरशायर कौंटीकडे आले. त्या संग्रहात एक कॉर्सेट आहे, सुमारे १८९० चं, नाव 'प्रिटी हाऊसमेड'. मोलकरणींसाठी! त्यात पट्ट्या जवळपास नाहीतच, ओळीने शिवलेल्या दोऱ्या आहेत, जाहिरात करायचे सगळ्यात मजबूत आणि सगळ्यात स्वस्त म्हणून. मी ते बघून उडालेच. मोलकरीण मी, आणि मी आपली मालकिणीचं उरलेलं कुटील अंगाला लावून बघत होते.

घरी येऊन माझ्यासाठी तसलं करायला घेतलं. नाटक १८८५ चं, हे १८९० चं, पाच वर्षं इकडेतिकडे, चालतंय. दुरुस्त पॅटर्न होताच, तो माझ्या मापाचा केला, बेलग्रेव्ह रोडच्या काकांकडून पांढरं ड्रिलचं जाड कापड घेतलं साडेतीन पौंड मीटरने, आणि पडद्याला वापरतात ती सुती दोरी. दोन कापडं एकावर एक, एक टीप, तिला दोरी आतून चिकटवून धरायची, चेनच्या फूटने अगदी लगटून दुसरी टीप, मग पुढची दोरी. जितकं लगटून शिवाल तितकं कडक. एका संध्याकाळी चार-पाच ओळी होतात, पाठ मोडते. आणि कापड आक्रसतं, दोरी जागा खाते ना, म्हणून दोऱ्या आधी घालायच्या आणि तुकडा नंतर कापायचा, हे मला पहिला तुकडा अर्धा इंच छोटा झाल्यावर कळलं. पुढे बस्क, मागे दोन चपट्या पट्ट्या, बाकी सगळी दोरी. सगळं मिळून २२ पौंड, त्यात बस्कचे १२.

तर प्रयोगात काय झालं, हिरॉईन सुंदर दिसली, पहिल्यांदा आली तेव्हा पहिल्या रांगेतली एक आजी "ओह" म्हणाली, ते मला विंगेत ऐकू आलं आणि तीन महिन्यांचं सार्थक झालं. दुसऱ्या अंकात तिच्या हातून रुमाल पडतो आणि तो उचलायचा असतो. तिला वाकता येईना, बस्क सरळसोट, पोटात टोचतो. गुडघ्यात वाकून, पाठ ताठ ठेवून खाली जायचं असतं, ती विसरली. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, ट्रे ठेवला, वाकून रुमाल उचलला आणि दिला. दोरीच्या कॉर्सेटमध्ये आरामात वाकता येतं. "यस मॅम" चा टाइम नव्हता तो पण म्हटलं.

घ्यायचं का? बस्क, स्टील आणि कुटील या दुकानातून डोळे झाकून घ्या, सुटे मिळतात, पार्सल तीन दिवसांत येतं, पॅकिंग नीट. पूर्ण किट घेत असाल तर मेल करून विचारा की मार्जिनचं पान बदललं का, आणि पॅटर्नच्या तुकड्यावर पट्टी लावून स्वतः मोजा. आयलेट बाहेरून. बसलच्या फिती दीड इंच आखूड कापा. आणि नाडी ५ मीटर येते ती पुरत नाही, मागे सैल करून घालायला निदान सात लागते, आम्ही दोन तुकडे गाठ मारून जोडले होते आणि ती गाठ प्रत्येक वेळी बरोबर सातव्या आयलेटला अडकायची.